ज्याचं नाव, त्याच्या घरी

आत्या,

आधी माफी मागतो. आपल्या घरात गेलेल्या माणसासाठी आजवर कोणी लिहिलेलं नाही. आपल्याकडे रडतात. आईनं तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवला आणि हेल काढला, "वन्सं, कुठं गेलात वो, माझ्या लेकराला आता कोण डबा करून देईल वो," आणि सगळ्या बायांनी तिच्यामागून सूर धरला. आई तुझ्याशीच बोलत होती, तू समोर बसून ऐकतेस असं धरून. मला तसं रडता येत नाही. मी नुसता दारामागं उभा होतो. म्हणून हे कागदावर उतरवतोय. तुझ्या उजेडात ज्यांची लग्नं लागली अशी माणसं गावोगाव आहेत, त्यांनी लिहायला हवं होतं. मी फक्त तुझ्या घरी राहून कॉलेजला जाणारा तुझ्या भावाचा पोरगा. काही चुकलं तर तुझ्या नेहमीच्या शब्दांत म्हण, "परोफेसर, चालू द्या तुमचं."

तू कधी जन्मलीस, मामा, म्हणजे तुझे मालक, कधी गेले, तू कशी उभी राहिलीस, ते इथं सांगत बसत नाही. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारी तू नव्हतीस, एवढंच. मला तुझ्याशी बोलायचंय ते घरामागच्या पत्र्याच्या शेडबद्दल. तुझा लेक बाळूदादा म्हणतो, सोयाबीन घरात यायच्या आत शेड मोकळी पाहिजे. शेडमध्ये तुझ्या लाइटच्या जुन्या ट्यूबा आहेत. आणि गावाबाहेर तो पडका आड अजून तसाच उघडा आहे.

साखऱ्याहून हिंगोलीला रोज ये-जा जमेना, म्हणून बाबांनी मला तुझ्याकडं पुसेगावात आणून सोडलं, तो दिवस आठवतो का? तू शिडीवर होतीस. पदर खोचलेला, तोंडात वायरचं टोक. खाली न उतरताच बाबांना म्हणालीस, "ठेव त्याला तिथं. आन् बाळा, तू ती ट्यूब दे वर. मधात धर, टोकाला नको." माझा त्या घरातला पहिला धडा तो. ट्यूब मधात धरायची.

मामांच्या मागं लोकांना वाटलं होतं की लाइट डेकोरेशनचा धंदा तू विकून टाकशील. तू टेम्पोत पुढं बसायला लागलीस. लग्न असो, जयंती असो, गणपती असो, बांबूला ट्यूबा बांधायची तुझी पद्धत सेनगाव तालुक्यात लोक ओळखायचे. एक आडवी, एक तिरपी, मधात रंगीत कागद. जुन्या लुगड्यांच्या घड्यांत ट्यूबा गुंडाळून तू अशी न्यायचीस, की टेम्पो खड्ड्यात आदळला तर माणसं "आई गं" म्हणायची, ट्यूबांचा आवाज यायचा नाही.

मग एलईडी आले. बाळूदादानं पट्ट्या आणल्या, माळा आणल्या. हलक्या, न फुटणाऱ्या. तूही वापरल्यास, कुरकुर केली नाहीस. फक्त जुन्या ट्यूबा टाकल्या नाहीस. काही चालणाऱ्या होत्या, पुष्कळशा दोन्ही टोकांना काळ्या पडलेल्या. पूर्वी त्या कुठं जायच्या ते तूच मला सांगितलंस. जत्रेत छातीवर ट्यूब फोडून दाखवणारा एक पैलवान यायचा, तो काही न्यायचा. काही पोरं फोडायची, फटाक्यासारखा आवाज येतो म्हणून. उरलेल्या मामा स्वतः नेऊन आडात टाकायचे. त्या आडाजवळून ओढा जातो, आणि ओढा पुढं कयाधूला मिळतो. हे तेव्हा कोणाच्या मनातही आलं नसेल. आडात टाकलं की ते गेलं, असंच सगळे धरून चालले होते.

पाऱ्याचं मी कॉलेजात शिकलो त्या दिवशी घरी येताना फार घाबरलो होतो. तू बाजारातनं सिद्धेश्वरच्या धरणातले मासे आणले होतेस आणि तव्यावर तळत होतीस.

"आत्या, या ट्यूबात पारा असतो."

"असंल."

"अगदी थोडा असतो, डोळ्याला दिसायचा नाही. पण ट्यूब फुटली की हवेत जातो. पाण्यात गेला की माशात येतो, माशातनं आपल्यात."

तू तुकडा उलथलास. "हा सिद्धेश्वरचा हाय. ह्याच्यात बी हाय का तुझा पारा?"

"माहीत नाही. तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही."

"मंग तपासस्तोवर खाऊन घे. थंड होऊन राहिला."

मी खाल्ला. चांगला झाला होता. पण दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा तू शेडच्या दारात उभी होतीस, आणि पोरांना शेडमागं क्रिकेट खेळायला त्या दिवसापासून बंदी झाली. मला तू काही बोलली नाहीस. तुझं पटणं असंच असायचं, आवाज न करता.

ज्वारीच्या कोठीवरून मात्र आपण भांडलो. मी कोठीतून ज्वारी काढत होतो आणि हाताला फडक्याची पुरचुंडी लागली. सोडून पाहिली तर करड्या टिकड्या. वासावरून कळेना. मी विचारलं, हे काय.

"पाऱ्याच्या टिकड्या. किडे, सोंडे होऊ नाही म्हणून."

"आत्या, जोंधळ्यात पारा?"

"तुझ्या आईच्या कोठीत बी हाय. जाऊन बघ. माझी सासू राखेत पारा खलून घालायची. आता टिकड्या भेटतात. येवढं काय तोंड करून राहिला?"

मी तुला समजावायला लागलो. मज्जातंतू, मूत्रपिंड, गरोदर बाई. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तू म्हणालीस, माझ्या सासूला काय झालं होतं? म्हातारी होऊन मेली. मी म्हणालो, तिच्या अंगात किती पारा होता कोणी पाहिलं होतं? तू म्हणालीस, मेलेल्या माणसाच्या अंगात हात घालायला शिकवतात का तुला कॉलेजात? आता वाटतं, दोघांचंही अर्धं अर्धं खरं होतं. मला आकडे माहीत नव्हते, फक्त भीती माहीत होती. आणि तुला सवय माहीत होती.

माझ्या शास्त्रानं तू हलली नाहीस. हललीस ती वेगळ्याच गोष्टीनं. त्या टिकड्यांचं पाकीट तू माळ्यावरून काढलंस, मला दाखवायला, की बघ, दुकानात मिळतं, चोरून आणलेलं नाही. पाकिटावर गव्हाच्या लोंबीचं चित्र होतं. तू ते उलटं केलंस, सुलटं केलंस, उजेडात धरलंस.

"कोणी बनवलं ते कुठं हाय रे?"

मी पाहिलं. कुठंच नव्हतं. ना कंपनीचं नाव, ना गाव, ना फोन.

तू ते पाकीट बाजूला ठेवलंस. मग म्हणालीस, "ज्याला आपलं नाव सांगायची लाज वाटते, त्याची चीज माझ्या जोंधळ्यात काहून ठेवू?" आणि परातीत ज्वारी ओतून एकेक पुरचुंडी शोधून काढलीस. त्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलंस. कोठीत कडुलिंबाचा पाला घातलास, आणि त्या वर्षी सोंडे झाले तेव्हा मला बोलावून दाखवलेस. "हे बघ, तुझे पाव्हणे." ज्वारी उन्हात घालून मीच चाळली.

ती बरणी अजून शेडमध्ये आहे. तिचा धनी आपल्याला कधीच सापडला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक लग्न होतं. जेवणावळी उठल्या होत्या आणि मांडवामागं बाया भांडी लावत होत्या. आपल्याकडे लग्नाला अख्ख्या आळीची भांडी येतात. पातेली, पराती, तांबे, वगराळी, सगळी एकात एक. प्रत्येकाच्या काठावर नाव कोरलेलं असतं, म्हणून ती आपापल्या घरी परत जातात. दिवस मावळत होता, बायांना नावं दिसेनात. तू एक पेटती ट्यूब पट्टी-वायरसकट काढून हातात धरलीस आणि त्यांच्या डोक्यावर उजेड केलास.

"ही परात कोणाची गं?"

"वाच की. शेवंता कोरलंय."

"शेवंता मेली, तिच्या सुनंला दे."

"सुनंला देते, पण सून कवा आपल्याला बोलावती जेवाया?"

सगळ्या हसल्या. तूही हसलीस, आणि तुझी नजर हातातल्या ट्यूबकडं गेली. टोकाजवळ छापलेलं कंपनीचं नाव. तू मला हाक मारलीस.

"सत्या, ह्येच्यावर नाव हाय."

"मग?"

"नाव हाय म्हणजे धनी हाय. शेवंताची परात शेवंताच्या घरी जाती. मंग ही काहून आडात जाती?"

त्या क्षणी मला सुचलं नाही, पण वर्गात आम्हाला हेच शिकवलेलं होतं. फक्त शब्द जड होते. माल बनवणाऱ्या कंपनीनं तो वापरून झाल्यावर परत गोळा करायची जबाबदारी घ्यायची, तसा नियम आहे. मी परीक्षेत त्यावर टीप लिहिली होती आणि मार्कही मिळाले होते. पण तो नियम पुसेगावच्या शेडला लागू होतो असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तुला नियम सांगितला. तू म्हणालीस, "नियम असो नसो, भांडं परत करायचंच असतंय. बरं झालं, नियम बी हाय."

मग तुझा फोनचा धडाका सुरू झाला. नव्या बल्बच्या खोक्यावर कंपनीचा नंबर होता. तू लसूण सोलत बसायचीस, फोन स्पीकरवर. पलीकडचा पोरगा हिंदीत पिनकोड विचारायचा. पिनकोड सांगितला की म्हणायचा, मॅडम, आपके एरिया में ये सर्व्हिस नहीं है.

"भैया, बेचनेकू पुसेगाव दिखता, वापस लेनेकू नहीं दिखता क्या?"

"मॅडम, मैं आपकी कंप्लेंट आगे बढ़ाता हूँ."

"आगे कहाँ तक गई पिछलेवाली? वो बी बताव."

मी लाजेनं बाहेर जाऊन उभा राहायचो. तू त्या पोराला जेवला का विचारायचीस. एकदा तर त्याचं लग्न ठरलंय हे तू काढून घेतलंस, आणि लाइट लावायला येऊ का विचारलंस. तो हसला. तेवढ्यापुरता तो कंपनीचा नंबर राहिला नाही, कुणाचा तरी लेक झाला.

मी इंग्रजीत मेल लिहायचो. उत्तर यायचं, तेच ते, आभारी आहोत. मी म्हणालो, "आत्या, एका शेडसाठी कंपनी गाडी पाठवत नसते."

"मंग एका शेडसाठी नको. तालुक्यासाठी पाठव म्हण."

आणि तू लाइटची सुपारी घेताना लोकांना सांगायला लागलीस, घरातल्या उडालेल्या ट्यूबा, ते पिळाचे जुने सीएफएल बल्ब, फुटके नसतील तसे घेऊन या. साखऱ्याहून खोकी आली, गोरेगावकडची आली. लोक हसायचे. लाइटवाली आता भंगारवाली झाली म्हणायचे. तू म्हणायचीस, "भंगारवालीच. पण माझं भंगार सासरी जाणारं हाय." फुटक्या ट्यूबा आल्या तर खिडकी-दार उघडं ठेवून, झाडू न लावता, ओल्या कागदानं उचलून झाकणाच्या डब्यात घालायच्या, हे मी सांगितलं होतं. ते तू इतकं तंतोतंत पाळलंस की एकदा मीच झाडू हातात घेतला तर माझ्या मनगटावर उलथणं बसलं.

भंगारवाल्या चाचांवरून आपलं बोलणं अर्धंच राहिलं. ते म्हणाले होते, सगळा माल नेतो. मी म्हणालो देऊन टाक, शेड तरी मोकळी होईल. तू त्यांना चहा पाजलास आणि विचारलंस, नेऊन काय करता? ते खरं बोलणारे माणूस. म्हणाले, "टोपन अल्मुनियम का निकालते, काँच फेकते." तू नाही म्हणालीस. ते गेल्यावर मी चिडलो. म्हणालो, तू जगाचा पारा अडवायला निघालीस का? आडात आधीच किती आहे, त्याचं काय? तू चहाचे कप विसळायला घेतलेस. आता मला कळतं ते एवढंच. आडातलं काढता येत नव्हतं. शेडमधलं अडवता येत होतं. माणूस जिथं हात पोचतो तिथंच काम करतो. हे मी तुला म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो नाही.

शेवटी फोनवरच्या त्या पोरानं, लग्न ठरलेल्या, एक पत्ता दिला. संभाजीनगरच्या बाजूला कंपनीच्या वतीनं जुन्या ट्यूबा घेणारं केंद्र होतं. बाळूदादाचा टेम्पो माल आणायला तिकडं जाणार होता. तू एक खोकं भरलंस, प्रत्येक ट्यूब लुगड्यात, आणि पुढच्या सीटवर मला आणि स्वतःला कोंबलंस. मांडीवर स्टीलचा कडीचा डबा.

गेटवरच्या माणसानं विचारलं, डीलर आहात का. तू म्हणालीस, गिऱ्हाईक हावोत. तो म्हणाला गिऱ्हाईक इथं येत नाहीत. तू म्हणालीस, "आता आलो ना." आत एक मॅडम होत्या, चष्मा लावलेल्या, मोठ्या कामात असलेल्या. त्या नाही म्हणतील असंच मला वाटत होतं. पण तू खोकं उघडलंस आणि त्यांनी लुगड्यातनं एक ट्यूब बाहेर काढली.

"एकही फुटलेली नाही?"

"लग्नाच्या मांडवात फुटलेली ट्यूब अपशकून असती. सवय हाय."

त्यांनी आपल्याला आत नेऊन काचेतून मशीन दाखवलं. ट्यूब बंद पेटीत फुटते, काच एकीकडे पडते, धातू एकीकडे, आणि पाऱ्याची वाफ ओढून घेऊन गोळा करतात. तू विचारलंस, गोळा करून कुठं टाकता? त्या म्हणाल्या, टाकत नाही. पारा मरत नाही मावशी, म्हणून तो बंद करून ठेवावा लागतो, नाहीतर पुन्हा कामाला लावावा लागतो. तू मान हलवलीस. "मरत न्हाई तं त्येला घर पाहिजे," म्हणालीस.

बरणीचंही तू विचारलंस. त्या म्हणाल्या, टिकड्या आमच्या कामात बसत नाहीत, पण कोणाला विचारायचं ते बघते. एक खोकं त्यांनी घेतलं. बाकीच्यासाठी गाडी पाठवायची तर वरून मंजुरी लागेल, कंपनीला लिहिते, किती दिवस लागतील सांगता येत नाही, असं म्हणाल्या.

तू मांडीवरचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवलास. धपाटे होते, आणि वेगळ्या वाटीत शेंगदाण्याची चटणी.

"अहो मावशी, हे कशाला?"

"रिकाम्या हातानं कसं यावं म्हणून."

त्या धपाटे कागदात काढून घ्यायला लागल्या तर तू डब्यावर हात ठेवलास. "राहू द्या. सावकाश खा. डबा मंग द्या, गाडीबरोबर."

टेम्पोत बसल्यावर मी म्हणालो, "आत्या, आपला डबा राहिला."

"राहिला न्हाई. ठेवला."

"काहून?"

"आपलं भांडं दुसऱ्याच्या घरी असलं की त्येला आपली आठवण राहती. आन् नाव कोरलंय त्याच्यावर."

"आत्या, ते ऑफिस आहे. शेजारीण नाही. तिथं भांडी परत करायची पद्धत नसते."

"बघू," म्हणालीस. "आला तं रिकामा येणार न्हाई."

यावर आपण वाटभर वाद घातला. कंपनी म्हणजे माणूस नव्हे, ती कागदावर चालते, मंजुरीवर चालते, हे मी तुला सांगत होतो. तू म्हणालीस, कागदावर सही करायला तं मानूसच लागतो ना. मेहकरच्या पुढं तुझा डोळा लागला आणि तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. वाद तिथंच थांबला तो थांबलाच.

त्यानंतर रोज मी कॉलेजातनं आलो की तू विचारायचीस, "डबा आला का रे?" लोकांना वाटायचं माझ्या जेवणाच्या डब्याचं विचारतेस. मी म्हणायचो, नाही. तू म्हणायचीस, येईल. जणू पोरगं शाळेतनं यायचं राहिलंय.

तू गेल्यावर बाळूदादा काही दिवस शेडकडं फिरकला नाही. मग परवा मला म्हणाला, "सतीश, सोयाबीन येऊन राहिलं. पोती कुठं ठेवू मी?"

"थोडे दिवस थांब ना दादा."

"आईनं किती दिवस थांबून पाह्यलं? गाडी आली? मी ट्रॉलीत भरून आडाकडं नेतो. आई होती तवर ठीक होतं. आता ट्यूबातच आई हाय का?"

तो वाईट बोलला नव्हता. बोलताना त्याचा हात शेडच्या कडीवर होता आणि त्यानं कडी उघडली नाही. पण पोत्यांची सोय त्यालाच पाहायची आहे, हेही खरं. सोयाबीन कापून होईपर्यंत थांबतो, म्हणाला. कापणारी माणसं शेतात उतरली आहेत.

काल मी तुझ्या जागेवर बसलो, लसणाची टोपली पुढं घेतली आणि तुझ्याच फोनवरून नंबर लावला. तोच पोरगा होता. स्क्रीनवर नाव दिसलं असेल, तो आधीच म्हणाला, "हाँ मौसी, खाना हुआ?" मला ते सांगावं लागलं. मग त्यानं विचारलं की ट्यूबा अजून आहेत का. मी म्हणालो आहेत, पण थोडेच दिवस. त्यानं "आगे बढ़ाता हूँ" म्हटलं नाही. "मैं खुद बात करता हूँ," म्हणाला.

आत्या, खरं सांगतो, माझा भरवसा नव्हता. आज सकाळी हे लिहायला बसलो ते यासाठी, की गाडी आली नाही तरी तुला कोणीतरी सांगायला हवं, आम्ही काय काय केलं ते. मनात ठरवलं होतं की ट्रॉली निघाली तर आडवा उभा राहीन. ते मला जमलं असतं का माहीत नाही. बाळूदादापुढं माझा आवाज निघत नाही. पण एक नक्की सांगतो. आईनं कोठीतल्या पुरचुंड्या काढल्या. तुझ्या दहाव्याला साखऱ्याहून येताना तिनं त्या फडक्यात बांधून आणल्या आणि कोणाला न सांगता तुझ्या बरणीत टाकल्या. मी पाहिलं. ती म्हणाली, "वन्संचं ऐकायचं राहून गेलं होतं." तिच्यामागून शेजारच्या दोघींनीही आणल्या. बरणी भरत आलीय. तिच्यावर अजून कोणाचंच नाव नाही, तरी ती आता सगळ्यांना ठाऊक आहे.

इथवर लिहून झालं होतं आणि मी जेवायला उठलो होतो, तेवढ्यात तुझा फोन वाजला. बाळूदादानं उचलला आणि स्पीकरवर टाकला, तुझ्यासारखाच. त्या मॅडम होत्या. मंजुरी आली. गाडी पुसेगावला येणार आहे, आणि वाटेत साखऱ्यासारखी दोन-चार गावं घेणार आहे, पुढंही फेरी ठेवायचा विचार आहे असं म्हणाल्या. बरणीही झाकणासकट तयार ठेवा, ती घेणाऱ्या लोकांचा पत्ता मिळालाय, असंही सांगितलं. बाळूदादा नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करत होता. तू गेल्याचं त्यांना माहीत होतं, त्या पोरानं सांगितलं होतं.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी आणखी एक सांगितलं. म्हणाल्या, "मावशींचा डबा माझ्याकडं आहे. गाडीबरोबर पाठवतेय. ड्रायव्हरला सांगितलंय, नाव वाचून त्याच घरी द्यायचा."

बाळूदादानं विचारलं, आत काही आहे का, म्हणजे आल्याबरोबर उघडायला.

"उघडल्यावर कळेल," त्या म्हणाल्या. "रिकामा नाही पाठवत."

बाळूदादा उठला, परसात गेला, आणि त्यानं शेडची कडी काढली. तुझ्या जुन्या लुगड्यांच्या घड्या काढून तो एकेक ट्यूब गुंडाळतोय. मधात धरून.